वाऱ्याकडचं टोक

एनेमारा
१२ फेब्रुवारी

याक्वे दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहितेय. अक्षर पाचवीपर्यंतचंच आहे, हसू नकोस. नाहीतर हस. हसलास तरी मला बरं वाटेल.

तुझं पत्र गुरुवारच्या विमानानं आलं. वर्षानं पत्र, आणि त्यात चार ओळी. तुझी भाची रोझिना कशी आहे विचारलं नाहीस. "कंपनीच्या कागदावर सही कर. मी इथं वरिष्ठांना सांगून बसलोय की माझी बहीण अडवणार नाही. माझं नाक कापू नकोस." मी ते लिटोक्वा मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तिकडं बर्फात माणसाचं नाक तसंही गळून पडतं म्हणतात. आपल्यावर कशाला ढकलतोय?" मग उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तिला तुझी आठवण आली की ती अशीच आत जाते.

दादा, आईच्या मयताच्या दिवशी मी जे बोलले ते चुकलं. तू गणवेशात आलास, चार दिवसांत परत निघालास, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले की तू आता त्यांचा झालास, आमचा राहिला नाहीस. ते दुःखात तोंडातून गेलं. तुझा गणवेशातला फोटो अजून चर्चमध्ये वाजवायच्या पेटीशेजारी लावलेला आहे. त्याची धूळ मीच पुसते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

पण सहीचं वेगळं आहे. आई गेल्यावर वाऱ्याकडच्या टोकाचा शब्द, ती जमीन द्यायची की नाही तो, मावशीकडं जायला हवा होता. तिनं सुजलेले गुडघे दाखवले आणि ते माझ्या गळ्यात घातलं. "मला त्या टोकापर्यंत चालवत नाही, तिथला शब्द मी काय सांभाळू?" तेवीस वर्षांची मी. मला दुकानदारानं चुकीचं दिलेलं तांदळाचं पोतं परत घे म्हणायची हिंमत होत नाही.

तू गेलास तेव्हा टोकावर नुसती फणसाची झाडं आणि आपल्या लोकांची थडगी होती. आता तिथं उन्हावर वीज करणाऱ्या चोवीस प्लेटा आहेत. दोन वर्षांपूर्वी भरतीचं पाणी बेटावरून आरपार गेलं, विहीर खारट झाली, फणसाची पानं पिवळी पडली. मग सरकारनं समुद्राचं पाणी गोडं करायचं मशीन दिलं, उन्हावर चालणारं. ते शिकायला राजधानीत, माजुरोला, कुणीतरी दोन महिने जायचं होतं. पुरुष म्हणाले आम्हाला नारळ वाळवायचे आहेत. मी गेले, पोटात रोझिनाला घेऊन.

आता चौदा घरं माझ्या पाण्यावर आहेत, दादा. माझ्या! सकाळी कॅन घेऊन रांग लागते आणि पास्टरसुद्धा रांगेत उभा राहतो. मोटर हवा ओढायला लागली की मला घरातून आवाजावरून कळतं. बिटेन म्हणतो, "बायको माझ्यापेक्षा त्या मोटरचं जास्त ऐकते." मी म्हटलं, मोटर खोटं बोलत नाही.

आणि आता कंपनीला तेच टोक हवंय. तुझ्या फौजेच्या तळावरून उडवतात ते अग्निबाण बघायला तिथं रडारची मोठी ताटली उभी करणार. भोवती कुंपण, शेजारी डिझेलच्या टाक्या. प्लेटा काढायच्या. बदल्यात गावाला डिझेलची वीज फुकट, आणि पाणी जहाजानं आणून देणार म्हणतात. बिटेनला तिथं चौकीदाराची नोकरी देणार. त्याला फ्रीज घ्यायचाय. टाक्या कुठं ठेवणार विचारलं तर थडग्यांच्या बाजूला बोट दाखवलं.

बिटेन पूर्वी तळावर झाडू मारायचा तेव्हा त्यानं एका बाणाची किंमत ऐकली होती. काल मावशीनं त्याला विचारलं, "एवढ्यात पाण्याची मशिनं किती येतील?" तो शिंपले मांडत बसला. एक शिंपला म्हणजे एक मशीन. अंगणातले संपले, किनाऱ्यावरून टोपलीभर आणले, तेही संपले. मावशी म्हणाली, "पुरे. सगळ्या बेटांना देऊन वर माशांनाही गोडं पाणी पाजता येईल." आणि तो एक बाण दादा, तुला माहीतच आहे, दहा मिनिटांत आभाळात रेघ ओढून समुद्रात पडतो.

कंपनीचे लोक पाहणीला आले तेव्हा मी रोझिनाला घेऊन मागंच होते. त्यांच्याशी एक शब्दही बोलले नाही.

तुझी लिमेजा


३ मार्च

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. शब्द बोलले नाही हे खरं आहे. पण मागं नव्हते, सगळ्यांत पुढं होते.

विमानातून पाच माणसं उतरली. आपण काय करतो ते तुला सांगायला नको. बायका पहाटेपासून फुलं ओवत होत्या. ओळीनं उभं राहून गाणं म्हटलं, प्रत्येकाच्या डोक्यावर फुलांचं कडं घातलं, हातात टोपली दिली. पुढच्या उंच साहेबाच्या डोक्यावर मी घातलं. तो एवढा वाकला की त्याचा चष्मा पडला, आम्ही सगळे हसलो, तोही हसला. चांगला वाटला मला माणूस. कुणीतरी फोटो काढला.

काल कंपनीचा कागद आला. शाळेच्या मास्तरांनी वाचला. त्यात तोच फोटो, मी हसतेय, साहेब वाकलाय. खाली लिहिलंय की बेटाच्या लोकांनी फुलं घालून आणि गाणी म्हणून कामाला आनंदानं संमती दिली. मास्तरांनी तीन वेळा वाचलं, तरी तेच निघालं.

दादा, आपण कुणाला फुलं घालत नाही? हे माझ्या डोक्यातच आलं नाही, की कुणी कड्याला सही समजेल. सगळे म्हणतात तुझी चूक नाही. पण फोटोत माझंच तोंड आहे.

आणखी एक लपवलं होतं. आता लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते.

जानेवारीत पाऊस नव्हता. प्लेटांवर मीठ साचतं, ते गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पुसायचं असतं. पाणी वाचवावं म्हणून मी समुद्राच्या पाण्यानं पुसलं. माजुरोला शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की असं करायचं नाही. आणि मी तेच केलं. वाळल्यावर वर पांढरा थर आला, बॅटऱ्या भरेनात, मशीन दोन दिवस बंद पडलं. लोक विहिरीचं प्यायले. रोझिनाला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे डोळे खोल गेले होते आणि रडताना अश्रू येत नव्हते. मी कुणाला सांगितलं नाही की चूक माझी होती. तिला मावशीच्या मांडीवर टाकलं, घरातलं शेवटचं गोडं पाणी बादलीत ओतलं, शिडी लावली आणि एक एक प्लेट पुसली. चोवीस. संध्याकाळी मोटर सुरू झाली. पहिला पेला तिला चमच्यानं पाजला.

ती वाचली. आता दात आलेत चार. चावते.

पण तेव्हापासून बिटेन म्हणतो, "डिझेल असतं तर हे झालं नसतं." चूक माझी होती हे त्याला ठाऊक नाही. म्हणून घाबरलेय दादा. डिझेल नको म्हणायचं आणि उद्या माझ्याच हातून पुन्हा काही झालं तर? लोक म्हणतील हिच्या हट्टापायी. तूही म्हणशील.

सभा तेवीस तारखेला आहे. तू फोन केलास तर बरं होईल. एकदाच.

लिमेजा


२२ मार्च

दादा,

उद्या सभा. तुझा फोन आला नाही.

बिटेनशी भांडण झालं. तो म्हणाला, "तुझा भाऊ त्यांच्या पैशावर जगतो, तुझ्या डोक्यावरचं छत त्याच्या पगारातून आलं, आणि तू त्यांनाच नाही म्हणणार?" मी म्हटलं, हो. मग बाहेर जाऊन रडले. छत खरंच तुझं आहे. त्यावरचं पावसाचं पाणी आम्ही पितो, पडेल तेव्हा.

पोरीला पाजायला घेतलं तर दूध येईना. मावशी म्हणते, "उद्या बोलताना माणसांकडं बघू नकोस, माझ्या गुडघ्यांकडं बघ. ते कुणाला घाबरत नाहीत."


२४ मार्च

दादा,

सगळं सांगते, तू बसून वाच.

चर्चमध्ये सगळं गाव होतं. साहेब, त्याचे दोन लोक आणि राजधानीतून आणलेला दुभाषी. साहेबानं आधी नकाशा दाखवला, मग फ्रीजचं चित्र. फ्रीज दाखवल्यावर मागून बिटेन खोकला. मग साहेब म्हणाला की पाण्याचं मशीन चांगलं आहे, पण जानेवारीत ते दोन दिवस बंद होतं असं आम्हाला कळलंय. उन्हावर भरवसा ठेवता येत नाही.

मी उठले. मावशीच्या गुडघ्यांकडं बघितलं.

मी म्हटलं, "दोन दिवस बंद होतं ते उन्हामुळं नाही. मी प्लेटा खाऱ्या पाण्यानं पुसल्या. माझी चूक. माझी स्वतःची पोर त्यात मरायला टेकली होती." कुणालाच माहीत नव्हतं दादा. सगळे माझ्याकडं वळले. बिटेनसुद्धा. मला वाटलं आता संपलं. पण तोंड उघडलंच होतं. "मी चुकले, आणि मीच सुरू केलं, फडक्यानं. मागच्या वर्षी जहाज चार महिने आलं नाही. तुमचं डिझेल संपलं की मी ते कशानं पुसू?"

मागच्या बाकावरून कुणीतरी "हां!" केलं. पास्टर होता बहुतेक.

साहेब रागावला नाही. त्यानं तो फोटो काढला.

"बाई, या आपणच ना?"

"मीच."

"खुशीनं घातलंत ना?"

"खुशीनंच. त्या दिवशी फुलंही चांगली फुलली होती."

"मग आता हरकत कसली?"

मी म्हटलं, "साहेब, पोरांच्या डोक्यातल्या उवा बघायला नर्सबाई आली, तिलाही घातलं. जहाजाचा स्वयंपाकी बोट लागली म्हणून चार तास उतरला, त्यालाही घातलं. त्यांनी कुणी जमीन मागितली नाही."

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "स्वयंपाक्यानं माझं कोंबडं मागितलं होतं. तेही नाही दिलं."

दुभाष्याला हसू आवरेना. त्याला साहेबाला सांगायलाच वेळ लागला.

मग मी म्हटलं, "जमीन द्यायची असली की घरातली बाई घेणाऱ्याला बरोबर घेऊन बेटाच्या आतल्या बाजूच्या शांत पाण्यापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत चालते. घेणाऱ्याच्या हातात नारळाचं रोप असतं. हद्दीवर दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असतात. पलीकडं पोचल्यावर रोप लावतात. मी तुमच्याबरोबर चालले का? रोप कुणाच्या हातात होतं? तो फोटो दाखवा, मी आत्ता सही करते."

फोटो नव्हता.

मग साहेबानं दुसरा कागद काढला. जरा नाखुशीनंच काढला. दुभाष्यानं वाचला. "आमच्या घराण्याची या कामाला संमती आहे." खाली तुझं नाव, तुझा हुद्दा, तुझा नंबर. तुझी सही मी लांबूनही ओळखते, आईला पैसे पाठवायचास तेव्हाच्या पावत्यांवर असायची.

दादा, तो कागद सगळ्या चर्चनं ऐकला. आणि तू भिंतीवरून बघत होतास, पेटीशेजारून.

खरं सांगू? एक क्षण मला वाटलं की मयताच्या दिवशी जे बोलले ते पुन्हा बोलावं. तोंडापर्यंत आलं होतं. सगळे तेच ऐकायला थांबले होते.

मी म्हटलं, "माझा भाऊ तुमच्या फौजेत आहे. या बेटावरून गेलेला पहिला. त्याच्या छातीवर काय काय लावलंय ते बघा, तो तिथं फोटो आहे. तो तुमच्यासाठी गोळीसमोर उभा राहील. तुम्ही त्याला विचारलंत तर तो नाही कसं म्हणेल? ज्याच्या घरी माणूस जेवतो, त्यालाच तोंडावर नाही म्हणायला लावणं आमच्यात कुणी करत नाही. तुम्ही चुकीच्या माणसाला विचारलंत. त्याला माहीत आहे टोक त्याच्या हातात नाही. माझ्या हातात आहे, आणि माझ्यानंतर हिच्या." रोझिना माझ्या कमरेवर होती. तिनं तेवढ्यात साहेबाचं पेन ओढलं. चावायला.

"तो कागद मला द्या," मी म्हटलं.

साहेबानं दुभाष्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग दिला. त्याच्याकडं आणखी प्रती असतील, एवढं मला कळतं. पण दिला.

मी त्यांच्या फॉर्मवर "नाही" लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव. अक्षर वाकडं आलं. मास्तर म्हणाले, वाचता येतंय, पुरे.

मग काय झालं ऐक. ते विमानाकडं निघाले, तर मावशी बायकांना ओरडली, "अगं, कडी कुठायत? पाहुणा तसाच चाललाय!" बायकांनी सकाळीच ओवून ठेवली होती. फुकट थोडीच घालवायची? मी पुन्हा साहेबासमोर उभी राहिले. तो या वेळी वाकेना. दुभाष्यातर्फे विचारलं, "याचा अर्थ काय होतो?"

"प्रवास सुखाचा होवो," मी म्हटलं. "एवढाच होतो."

तो वाकला. चष्मा हातानं धरून.


२ एप्रिल

दादा,

ते पुन्हा येतील असं मास्तर म्हणतात. मोठा कागद घेऊन, मोठा साहेब घेऊन. येऊ देत. फुलं आहेत.

बिटेन दोन दिवस माझ्याकडं पाठ करून जेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी टोकावर गेले तर हा शिडीवर. गोड्या पाण्याचं फडकं घेऊन प्लेटा पुसतोय. मला म्हणाला, "असंच ना? की यातही तुझी काही चूक आहे?" फ्रीजचं अजून मनात आहे त्याच्या, मला कळतं. मीही चार प्लेटा जादा मिळतात का विचारायला माजुरोला लिहिणार आहे. त्यावर लहानसा फ्रीज चालतो. त्याला अजून सांगितलं नाही.

तू माझ्यामुळं तिकडं अडचणीत आला असशील तर मला माफ कर. मी तुझं नाक वाचवायचा प्रयत्न केला, बाकी मला काही येत नाही. तुझी सही असलेला तो कागद या पाकिटात घातलाय. माझ्याकडं ठेवायला मला आवडलं नाही, आणि जाळायचा हक्क माझा नाही. तू लिहिलास, तूच बघ काय करायचं ते.

जूनच्या नऊ तारखेला रोझिनाचं वर्ष भरतं. सगळ्या गावाचं जेवण आहे. डुक्कर ठरलंय, मावशीनं ते कोंबडंसुद्धा द्यायचं कबूल केलंय. मामाची चटई पुढं, पेटीजवळ. ती मी विणून ठेवलीय. तू आला नाहीस तर तिथं कुणालाही बसू देणार नाही. पास्टरलाही नाही.

मशीन सुरू केलं की रोज पहिला पेला मी आईच्या थडग्यावर ओतते. आज दुसरा पेला तुझ्या नावानं काढून ओट्यावर ठेवला. गोडं झालेलं पाणी आहे दादा, त्यात मिठाचा कणही नाही. कॅन भरून परत येते तर पेला रिकामा आणि रोझिना समोर बसलेली, हनुवटीवरून पाणी गळतंय.

मी हातानं तिची हनुवटी पुसली. मामाचंच होतं.

तुझी बहीण
लिमेजा